चौदाव्या मशीनवरची पट्टी

रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामा यांस,
साष्टांग नमस्कार.

मायना आईने शिकवला तसा लिहिला. इथून पुढे नेहमीसारखं 'तू'. एवढ्या वर्षांनी माझं पत्र बघून मामीने पाकीट चार वेळा उलटंपालटं केलं असेल आणि तू म्हणाला असशील, "उघड गं, चावत नाही." फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस, मीही "बरं, बरं" म्हणते आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. कागदावर तुला मध्येच ठेवून देता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरू देत नाही. त्यामुळे ती वर माझ्या खोलीत आली की तासभर मुक्काम. तुझ्या दुकानाचं तिच्याकडून कळतं. मिक्सर, पंखे, शिलाई मशीन, जे येईल ते दुरुस्त करतोस आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून वस्तू चालू करून दाखवल्याशिवाय घरी नेऊ देत नाहीस म्हणे. लोक वैतागतात, असं मामी सांगत होती. वैतागू देत.

आता बातमी. मला घरी बसवलंय. निलंबन. आईने तुला फोनवर अर्धंच सांगितलं असेल, आणि तेही रडत. मी पूर्ण सांगते, आणि मी रडत नाहीये.

गेल्या सोमवारी सकाळी इशारा आला. आपल्या इस्पितळातल्या चौदाही सर्व्हरवर जी ऑपरेटिंग सिस्टीम चालते, तिच्या गाभ्यातच भोक सापडलं होतं. तुला वेगळं सांगायला नको, पण पत्र मामीही वाचणार. तर मामी, हे भोक असं, की चोराला पासवर्ड लागत नाही, कुणी वेंधळ्याने भलत्या ईमेलवर बोट ठेवावं लागत नाही. मशीनपर्यंत पोहोचला की आत शिरला. अशा भोकांना दहापैकी गुण देतात, याला नऊ पूर्णांक आठ मिळाले. मला शाळेत कधी एवढे पडले नाहीत. आणि बाहेर काही ठिकाणी चोर आत शिरलेही होते.

ठिगळ त्याच दिवशी मिळालं. सगळे पॅच म्हणतात, मी अजून तुझाच शब्द वापरते आणि नवी मंडळी माझ्याकडे बघत राहतात. ठिगळ उतरवून घ्यायला दहा मिनिटं. पण नंतर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, नाहीतर ते जुन्याच फाटक्या सिस्टीमवर चालत राहतं. तू म्हणायचास, गोळी आणून उशाशी ठेवली म्हणून ताप उतरत नाही. पोटात जावी लागते.

आणि इथेच अडलं. तू इस्पितळातून गेल्यानंतर आपल्याकडे नवा नियम आला. कुठलंही मशीन बंद करायचं तर समितीच्या पाच सह्या लागतात. समिती बसते शुक्रवारी. घरात चोरी झाली म्हणून कुलूप बदलायलाच बंदी घातली, असा हा न्याय. त्यात गेला आठवडा तपासणी पथकाचा. शनिवारपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असं संचालकांचं फर्मान. संचालक म्हणजे तुझे इस्त्रीसाहेब. अजून तसेच आहेत, एक सुरकुती नाही.

मी सोमवारी दोनदा त्यांच्या खोलीत गेले. पहिल्यांदा त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्यांदा पेन खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, पाच दिवसांत काही आभाळ फाटत नाही."

"सर, आभाळ एकदम फाटत नाही. आधी एक टाका उसवतो. तो उसवलाय."

हे वाक्य तुझं आहे, त्यांना आठवलं असावं. त्यांनी पेन उचललं आणि मला दार दाखवलं.

मंगळवारी सकाळी आठला येऊन मी बाहेरच्या दाराशी असलेल्या मशीनच्या नोंदी बघितल्या. सोमवारी संध्याकाळी कुणीतरी तीन वेळा दार ढकलून बघितलं होतं. सकाळपर्यंत एकशे चाळीस वेळा. बरोबर त्याच भोकाच्या जागी. मी खुर्चीत बसून तो आकडा पुन्हा मोजला.

मग मी मेट्रनबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "किती वेळ?"

"एकेका मशीनला चाळीस मिनिटं. परवानगी नाहीये."

"ती मी विचारली का? वॉर्डातल्या माझ्या मुलींनी मागे अकरा दिवस कागदावर काम केलंय. तू चाळीस मिनिटांचं काय घेऊन बसलीस! साडेदहाला सगळ्यांचे औषधांचे तक्ते छापून घेते. कर."

लॅबमध्ये सांगितलं, औषधाच्या खिडकीवर सांगितलं, ऑपरेशनची यादी बघून मधली मोकळी वेळ काढली. प्रत्येक मजल्यावर स्वतः गेले. अकरा वीसला पहिलं मशीन बंद केलं. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. चोरून काही केलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय.

नऊ नंबरचं मशीन बंद झालं तेव्हा खालच्या सभागृहात इस्त्रीसाहेब पथकाला पडद्यावर आपली अत्याधुनिक व्यवस्था दाखवत होते. ती फाइल नेमकी नऊ नंबरवर. पडद्यावर एक गोल फिरायला लागला आणि 'कृपया थांबा' आलं. पथकातल्या एका बाईंनी म्हणे विचारलं, "ही ती व्यवस्था का?" हसू नकोस, मामा. मी हसले, त्याची किंमत भरते आहे.

एक मात्र माझं चुकलं. नोंदणीचं मशीन चाळीस मिनिटांत उठलं नाही. वर सव्वीस मिनिटं घेतली. डॉक्टरांना दाखवायला आलेल्यांची रांग फाटकापर्यंत गेली. एक गृहस्थ पोराचा प्लॅस्टरमधला हात पुढे करून मला बोलले, आणि ते बरोबर बोलले. त्या मशीनची डिस्क कुरकुरते हे मला माहीत होतं, आदल्या दिवशी तपासायला हवी होती. हे मी लेखी दिलंय. जे माझं ते माझं.

दीड वाजेपर्यंत चौदाही मशीन उठली. प्रत्येकासमोर उभी राहून बघितलं, त्यावर काम करणाऱ्याला फोन करून "चालतंय का" विचारलं, आणि मग तुझ्या पद्धतीने औषधाच्या कपाटातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून, त्यावर तारीख घालून मशीनच्या तोंडावर लावला. संध्याकाळपर्यंत ते दार ढकलणं चालूच होतं. पण आता तिथे भिंत होती.

बुधवारी पत्र हातात. विनापरवानगी काम, रुग्णसेवेत खंड, संस्थेची नाचक्की. सोबत दोन ओळींचा माफीनामा टाइप करून तयार. 'माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी बिनशर्त माफी मागते.' सही केली तर दुसऱ्या दिवशी कामावर. नाही केली तर २० तारखेला गुरुवारी चौकशी, आणि चौकशीचा निकाल शिपायालाही आत्ताच ठाऊक आहे.

"शेवटी काही झालं तर नाहीच ना?" इस्त्रीसाहेब म्हणाले.

"नाही झालं सर. म्हणूनच तर केलं."

त्यांना ते कळलं नाही, आणि त्यांचीही सगळी चूक नाही. जे टळलं ते दाखवता येत नाही. रांग दिसते, फिरणारा गोल दिसतो. मग जाता जाता ते म्हणाले, "तुमच्या घराण्यातच आहे. मामा हलगर्जी, भाची आगाऊ." यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही. का दिलं नाही ते जाऊ दे.

आई म्हणते, "दोन ओळींनी तुझं काय झिजतं? त्या वेळी मामाने केलीच ना मुकाट्याने आपली चूक कबूल!" त्यावरून आमचं वाजलं. मग ती आणखी एक बोलली. तू तिला म्हणालास म्हणे, पोरीला माझी लाज वाटत असेल, म्हणून ती समोर येत नाही. तुझ्या मुलाच्या लग्नात मी मागच्या दाराने आले आणि मागच्याच दाराने गेले, हे तू बघितलंस तर.

मामा, मला तुझी लाज वाटत नाही. कधीच वाटली नाही. याहून जास्त पत्रात मावणार नाही असं लिहिणार होते, पण कागद अर्धा कोरा आहे.

तू माझ्या जागी असतास तर सही केली असतीस का, तेवढं कळव. मामीला नमस्कार.

तुझी भाची


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मामा,

तुझं उत्तर नाही. मामीचा फोन मात्र आला. तू पत्र दोनदा वाचलंस, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलंस आणि दिवसभर एका पंख्याशी झटापट करत बसलास, असं म्हणाली. "काय लिहिलंयस गं त्याला?" मी म्हटलं, "जे लिहायला हवं होतं ते सोडून सगळं."

तर ते आता लिहिते. मायना नाही, नमस्कार नाही. या पत्राला तो शोभणार नाही.

सहा वर्षांपूर्वी तू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजेवर गेलास. जाताना मला म्हणालास, "आज चौदाही बंद करून चालू कर. आधी डोळ्यांनी बघायचं, मग पट्टी." मी म्हटलं, "माहितीये रे, किती वेळा सांगशील!"

मी तेरा केली. चौदावं लॅबच्या अहवालांचं. लॅबमधून फोन आला, नमुने चालू आहेत, अर्धा तास थांबा. त्या दिवशी माझा वाढदिवस होता. खाली मैत्रिणी सिनेमाची तिकिटं घेऊन उभ्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी फोन करत होत्या. ठिगळ उतरवून झालं होतं, फक्त बंद करून चालू करायचं राहिलं होतं. म्हटलं, पट्टी लावून ठेवते, सकाळी आल्या आल्या पहिलं हेच. पट्टीवर लिहिलं, '१४, बंद करून चालू केलं', आणि तारीख घातली. माझ्या अक्षरात, आणि धडधडीत खोटं.

सकाळी विसरले. साधं विसरले. पट्टी लावलेली दिसत होती ना, मग आठवणार कशी? पट्टी ही न विसरण्यासाठी असते, आणि मी तिचा वापर विसरण्यासाठी केला.

तू काळा चष्मा लावून परत आलास. त्या थंडगार खोलीत एकेका मशीनसमोर वाकून पट्ट्या वाचल्यास. चौदाव्याशी आलास. वाचलीस, माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "शाबास. आता मी रिटायर व्हायला मोकळा." मी त्या क्षणी तरी बोलायचं ना? मला खरंच आठवलं नाही, मामा. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता माझाच त्यावर विश्वास राहिलेला नाही.

एकोणीस दिवसांनी चोर चौदाव्यातून आत आले. पुढचं तुला माहीत आहे. सगळ्या पडद्यांवर खंडणीचा एकच निरोप, सगळ्या फाइलींना टाळं. अकरा दिवस मेट्रनबाईंच्या मुली जिन्यावरून कागद घेऊन पळत होत्या. एका बाईंच्या गाठीचा अहवाल सतरा दिवस उशिरा निघाला. त्या दर एक दिवसाआड लॅबच्या खिडकीशी येऊन हळू आवाजात विचारायच्या आणि परत जायच्या. त्या सतरा दिवसांनी त्यांचं काय झालं हे विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

आता जे लिहिते आहे ते आईलाही माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मी त्या खोलीत पट्टी काढून टाकायला गेले. होय, काढून टाकायलाच. चौकशीवाले येण्याआधी. दार लावून घेतलं, वाकले, आणि तिथे पट्टी नव्हती. डिंकाचा चौकोनी चिकट डाग होता फक्त. खोलीची किल्ली आपल्या दोघांकडेच असायची.

म्हणजे तुला कळलं होतं. तू मशीन किती दिवस अखंड चालू आहे ते बघितलं असशील, पट्टीवरची तारीख बघितली असशील. सगळं एका नजरेत. आणि चौकशीत तू सांगितलंस, "रजेवरून आल्यावर तपासायचं काम माझं. माझ्याकडून राहून गेलं." मी बाहेर बाकावर बसले होते. मला आत बोलावलं, विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हटलं, "नाही."

एकच शब्द. त्यावर तुझी एकोणतीस वर्षं गेली.

तू खोकं घेऊन खाली आलास. त्यात स्क्रू ड्रायव्हर, स्टीलचा पेला आणि चिकटपट्टीची रीळ. रीळ माझ्या हातात दिलीस, "ही ठेव, लागेल." पट्टी संपून वर्षं झाली. आतलं पुठ्ठ्याचं कडं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून मी मागच्या दाराने आले रे लग्नाला. लाज वाटत होती, पण ती तुझी नव्हती.

आता रागाचं. मला तुझा रागही आहे, आणि तो मी गिळणार नाही. मला वाचवायचं तू एकट्याने कसं ठरवलंस? मी एकतीस वर्षांची होते, कडेवरची पोर नव्हते. एकदा, नुसतं एकदा मला त्या खोलीत नेऊन विचारायचं होतंस, "हे काय आहे?" मी रडले असते, पाया पडले असते, कदाचित खोटंही बोलले असते. पण मग जे व्हायचं ते दोघांचं झालं असतं. तू माझी नोकरी ठेवलीस आणि तुझ्यासमोर उभं राहायला जागा मात्र ठेवली नाहीस. सहा वर्षं मी प्रत्येक मशीनसमोर दोन-दोनदा उभी राहते, लोक म्हणतात किती काटेकोर बाई! ते काटेकोरपण कुठून आलं हे फक्त तुला आणि मला ठाऊक.

मंगळवारी मी ती मशीन बंद केली ना, तेव्हा फार धाडस वगैरे काही वाटलं नाही. तो एकशे चाळीसचा आकडा बघितला आणि लॅबच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या त्या बाई दिसल्या. बस.

तर मी ठरवलंय. २० तारखेला सही करणार नाही. उलट लेखी देणार आहे की चौदावं मशीन माझ्याकडून राहिलं, खोटी पट्टी मी लावली, आणि ज्याला तुम्ही हलगर्जी म्हणता त्याने मला बंद करून चालू करायला स्पष्ट सांगितलं होतं. याचा परिणाम मला कळतो. आत्ताचा आगाऊपणा आणि तेव्हाचं खोटं, दोन्ही मिळून मला कायमचं घरी बसवतील. आणि अशी कागदपत्रं मागे लागलेल्या बाईला दुसरीकडे कुणी सर्व्हरच्या खोलीची किल्ली देणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. ती जिना उतरायचीच नाही मग.

अडचण एवढीच की पुरावा नाही. इस्त्रीसाहेब म्हणतील, मामाला वाचवायला भाची गोष्टी रचते. ती पट्टी तू काय केलीस? असली तर पाठव. फेकली असशील तर तसं कळव, मी तिच्याशिवाय बोलेन.

यावेळी "बरं, बरं" चालणार नाही.

भाची


गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळी आठ

प्रिय मामा,

तुझं पाकीट काल दुपारी मिळालं. पोस्टमनने दिलं तेव्हा हाताला इतकं हलकं लागलं की वाटलं रिकामंच आहे.

एक जाड कार्ड, त्यावर नीट चिकटवलेली पट्टी. पिवळी पडली आहे, पण माझं अक्षर तसंच, घाईत लिहिलेलं, शेवटचा आकडा पट्टीबाहेर गेलेला. आणि खाली तुझं अक्षर: 'फाडून टाक. सही कर. नोकरी सांभाळ.'

सहा वर्षांनी तू मला सहा शब्द लिहिलेस आणि त्यातही मलाच वाचवायला निघालास. काय म्हणावं तुला! मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आधी रडले, मग संतापाने इतकी ओरडले की आई गुडघा विसरून धावत आली. तिला कार्ड दाखवलं. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सहा वर्षं मी त्याला फोनवर म्हणत होते, दादा, एवढं कसं विसरलास तू?" आणि पदराने ते कार्ड पुसायला लागली, जणू त्यावर धूळ होती. आता सही कर म्हणत नाही. सकाळी माझी साडी तिनेच काढून ठेवली.

मामा, एक विचारू? फाडायचीच होती तर सहा वर्षांत तुझे हात कुणी धरले होते? दुकानात चांगली धारदार कात्री आहे तुझ्याकडे. तू ती मशीनवरून अलगद काढलीस, कोपरा फाटू दिला नाहीस, कार्डावर चिकटवलीस आणि अशा जागी ठेवलीस की मागितल्यावर चार दिवसांत सापडली. तुला स्वतःला खरं फाडवलं नाही. मग मला कशाला सांगतोस?

मी फाडणार नाही.

अकरा वाजता चौकशी आहे. दोन कागद तयार आहेत. पहिल्यात लिहिलंय की ४ तारखेला जे केलं ते मी पुन्हा करीन, परवानगी दिलीत तर परवानगीने, नाहीतर तशीच. नोंदणीच्या मशीनची सव्वीस मिनिटं तेवढी माझ्या नावावर घाला. आणि खाली लिहिलंय की समितीने असल्या भोकांसाठी पाच सह्यांऐवजी एक सही ठेवावी, ती दिवसा-रात्री कधीही मिळावी, आणि मशीन चालू झालेलं स्वतः बघितल्याशिवाय कुणी काम झालं म्हणू नये. मला काढा, पण हे ठेवा. माझ्यानंतर त्या खोलीत जो बसेल त्याला माझ्यासारखं चोर ठरून काम करावं लागू नये.

दुसऱ्या कागदात चौदावं मशीन. तारखेसकट, सिनेमासकट. त्याला हे कार्ड जोडलेलं. तुझ्या त्या तीन वाक्यांवर मी काही चिकटवलेलं नाही. वाचू देत त्यांना. हलगर्जी माणूस कसा लिहितो ते कळेल.

मेट्रनबाई काल संध्याकाळी येऊन गेल्या. त्यांच्या हातात चोवीस सह्यांचा कागद होता, वॉर्डातल्या मुलींचा. मी म्हटलं, बाई, आधी ऐका, आणि त्यांनाही चौदाव्याचं सांगितलं. त्या अकरा दिवसांत त्यांचे पाय सुजले होते, तुला आठवत असेल. त्या उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं, आता कागद फाडतील. म्हणाल्या, "तुझ्यावर मला फार राग आलाय, आणि तो लवकर जाणार नाही. उद्या तुझ्याबरोबर बाकावर बसायला येते." चोवीस सह्या ठेवून गेल्या. त्यांच्या मुलींना खरं सांगितल्याशिवाय तो कागद मी वापरणार नाही, तो इथेच घरी ठेवलाय.

माझं काय होईल ते मला माहीत आहे. भीती वाटते का? वाटते. सकाळपासून तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा गार झाला. पण त्या वेळी आत जाऊन 'नाही' म्हणाले होते तेव्हा जशी वाटली होती, तशी नाही वाटत.

तुझं एक ऐकायचं राहिलं होतं सहा वर्षांपूर्वी, ती माझी चूक. आज दुसरं ऐकत नाही, ती चूक नाही. तुला राग आला तर ये, समोर उभा राहून रागव. मला तेच हवंय.

आणि त्यांना बिनशर्त माफी हवी आहे. ती माझ्याकडे एकच आहे, सहा वर्षं सांभाळलेली, आणि ती त्यांची नाही. मामा, माझं चुकलं. कुठलीही अट नाही.

चौकशी संपली की दुपारच्या गाडीने निघते, निकाल काहीही लागो. दिवेलागणीपर्यंत पोहोचेन. दुकान उघडं ठेव. पुढच्या दाराने येतेय.

तुझी,
चौदावं मशीन सोडून सिनेमाला गेलेली
भाची